धानाचा बोनस : क्विंटलपासून हेक्टरपर्यंत (नागझिरा परिसराच्या संदर्भात)

नागझिऱ्याच्या वनक्षेत्राला लागून असलेल्या तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनी या गोंदिया जिल्ह्यातील तालुक्यांत आणि भंडारा जिल्ह्यातील साकोलीत खरिपाचे मुख्य पीक म्हणजे धान. धान उत्पादकास शासनाने दिलेल्या अनुदानाची चर्चा बहुधा रकमेभोवती फिरते. ते अनुदान कोणत्या मापाने मोजले गेले, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला आहे.

मालगुजारीच्या काळात शासनाशी येथील कुळाचा संबंध मुख्यतः साऱ्यापुरता होता. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलावांसह जबाबदारीही शासनाकडे आली. पुढे आधारभूत किमतीने धानखरेदी सुरू झाली. पणन महासंघ व आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ यांच्या केंद्रांवर किमतीव्यतिरिक्त राज्याचा बोनस मिळू लागला. 2018-19 मध्ये साधारण धानाचा हमीभाव 1750 रुपये व बोनस क्विंटलमागे 500 रुपये होता. 2020-21 मध्ये तो 700 रुपये होता, मर्यादा 50 क्विंटलची. म्हणजे एका शेतकऱ्यास अधिकात अधिक 35,000 रुपये.

व्यापारी शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आपला धान विकून बोनस घेतात, अशी तक्रार होती. 2021-22 मध्ये बोनस मिळाला नाही. डिसेंबर 2022 मध्ये हेक्टरी 15,000 व डिसेंबर 2023 मध्ये हेक्टरी 20,000 रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर झाले. 2023-24 मध्ये तर नोंदणी केलेल्या शेतकऱ्याने प्रत्यक्ष विक्री केली असो वा नसो, तो पात्र ठरला.

हा केवळ हिशेबाचा बदल नव्हता. 15,000 रुपयांना 700 ने भागल्यास सुमारे 21 क्विंटल येतात. हेक्टरी याहून कमी धान केंद्रावर नेणाऱ्यास नवी पद्धत लाभाची, अधिक नेणाऱ्यास तोट्याची. लहान शेतकरी घरच्या खाण्यापुरता धान कोठीत ठेवतो. त्या धानावर जुना बोनस नव्हताच. जंगलालगतच्या बांधीची गोष्ट तर आणखी वेगळी. उदाहरणादाखल, हेक्टरी 30 क्विंटलांपैकी निम्मे पीक रानडुकरांनी उद्ध्वस्त केले, तर उरलेल्या 15 क्विंटलांवर 21,000 ऐवजी 10,500 रुपये बोनस मिळे. धानही गेले आणि त्यावरचा बोनसही. नागझिरा 1970 पासून अभयारण्य आणि 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तेव्हा हे उदाहरण येथे काल्पनिक वाटू नये. वन विभागाची नुकसानभरपाई स्वतंत्र असते, पण तिला पंचनाम्याची वाट पाहावी लागते.

परंतु हेक्टर मोजायचा तो सातबाऱ्यावरून. बटईने वा ठेक्याने बांधी कसणारा जुन्या पद्धतीत निदान धान घेऊन केंद्रावर जात असे आणि मालकाच्या नावावर का होईना, व्यवहारात त्याचा वाटा ठरत असे. आता रक्कम थेट नोंदणीधारकाच्या बँक खात्यात जमा होते. कसणाऱ्याला वाटा मिळणे न मिळणे मालकाच्या मर्जीवर. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वार्षिक 6,000 रुपये आणि 2023 पासून राज्याने त्यात घातलेले तितकेच रुपये हेही भूमी अभिलेखातील नावावरच मिळतात. त्यासाठी 1 फेब्रुवारी 2019 ही मालकीची तारीख ठरविण्यात आली. ज्याच्याकडे 2006 च्या वनहक्क कायद्याखालील पट्टा नाही आणि जो पिढ्यान्‌पिढ्या वनजमिनीवर धान लावतो, त्याच्याजवळ दाखवायला सातबाराच नसतो.