सागवानावर कोणाचं नाव?

२८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं, तेव्हा कोणतं सामान कुठून आलं याच्या याद्या सगळ्या वर्तमानपत्रांनी छापल्या. गालिचे मिर्झापूरचे, सागवान नागपूरचं. त्याआधी मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान निघालं, तेव्हा तर काष्ठपूजन झालं, शोभायात्रा निघाली, मंत्र्यांचे फोटो झळकले.

आम्हा कळमन्याच्या लोकांना 'नागपूरचं सागवान' हे शब्द वाचून हसू येतं. कळमन्यात धान्य, मिरची आणि संत्र्यांचा बाजार भरतो, आणि तिथून जवळच्या लकडगंजात आरामशिनी चालतात. सागाचं जंगल इथे कुठेच नाही. ते आहे गडचिरोली-चंद्रपूरकडे, आलापल्ली-अहेरीच्या पट्ट्यात. लाकूड तिथलं आणि नाव बाजारपेठेचं. ज्या गावाने झाड राखलं आणि ज्या मजुराने ते तोडलं, त्यांचं नाव पहिल्याच टप्प्यावर गळून पडतं. पुढे ज्याच्या पटाशीने त्या लाकडावर कमळ उमललं, त्याचंही नाव राहत नाही. हे नेहमीच असं होतं का? नव्हतं, आणि त्याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे.

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. छताला सागवानी कमानी आहेत. त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या असून आजही जागेवर आहेत. खरं तर दगडी छताला लाकडाच्या आधाराची काहीच गरज नव्हती. पण आधी चैत्यगृहं लाकडाची बांधली जात, आणि डोंगर कोरणाऱ्यांनी तोच आराखडा दगडात उतरवला. म्हणजे आपली लेणी ही आधी सुताराची विद्या आहे, मग पाथरवटाची. भाज्याच्या चैत्यातल्या लाकडी कमानींवर तर ब्राह्मी अक्षरंही सापडली आहेत.

आता कार्ल्याचे शिलालेख पाहा. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव तिथे आहे, कारण पैसा त्याचा. त्याच चैत्याच्या दर्शनी भागात दुसरा एक लेख आहे. हे दार धेनुकाकटचा वढकी, वेणुवासाचा मुलगा सामी याने केलं, असं तो सांगतो. वढकी म्हणजे सुतार. आपल्या नागपुरी हिंदीतला 'बढई' हा शब्द त्यातूनच आला. शेठजी आणि सुतार, दोघांची नावं एकाच वास्तूवर! सुताराचं नुसतं नाव नाही, तर गाव आणि बापाचं नावही आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावरही विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी आपली नोंद करून ठेवली आहे. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख येतो. संघासाठी दिलेली ठेव त्यांच्याकडे ठेवली जात होती. म्हणजे समाजाचा पैसा सांभाळण्याइतकी त्यांची पत होती.

म्हणून त्या काळी सगळे समान होते असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण हाताने काम करणाऱ्याचं नाव विहाराच्या दारावर लिहिल्याने विहार विटाळत नव्हता, एवढं तरी हे लेख ठामपणे सांगतात.

आता नागपूरला या. महालातला भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यावर लाकडाचं भरगच्च कोरीव काम होतं. १८६४ साली तो जळाला. पुढे इंग्रजांच्या गॅझेटिअरने त्या नक्षीचं कौतुक नोंदवलं. राजवाडा कोणत्या राजांचा होता हे शाळेतलं पोर सांगेल, पण ती नक्षी कोणाच्या हातची होती हे विचारा बरं! जुन्या वाड्यांचे सुरूदार खांब, महिरपी, गणेशपट्ट्या यांना इतिहासकार 'मराठा शैली' म्हणतात. शैलीला सत्ताधाऱ्याचं नाव मिळालं, कोरणाऱ्याला बलुतं मिळालं.

सामीपासून या निनावी कारागिरापर्यंत मधे काय घडलं? कौशल्य तर घटलं नव्हतं. कौशल्य जातीत कोंडलं गेलं. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवून दिलं. लाकडाचंच उदाहरण घ्या. लाकूड कोरणारा सुतार गावात मानाचा बलुतेदार झाला, बांबू विणणारा बुरूड अस्पृश्य ठरला, आणि गावच्या मयताची लाकडं पुरवायचं काम महाराच्या गळ्यात आलं. सगळ्यांचे हात लाकडालाच लागत होते, पण विटाळ कोणाच्या हाताचा हे आधीच ठरलेलं होतं. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातींवर ग्रंथ काढला. त्याच्या एकाच खंडात बढई आणि बसोर म्हणजे बुरूड ही प्रकरणं काही पानांच्या अंतराने येतात. पानांचं अंतर थोडं, माणसांमधलं केवढं! जुन्नरला ज्यांच्याकडे संघासाठीची ठेव होती, तेच काम करणारे आज अनुसूचित जातींच्या यादीत आहेत.

तिसरा हात आदिवासींचा. माडिया गोंड आपल्या मृतांच्या स्मृतीसाठी लाकडी खांब कोरतात. व्हेरिअर एल्विनने १९५१ साली मध्य भारताच्या आदिवासी कलेवर पुस्तक केलं, त्यात कोरीव फण्या, मुखवटे, घोटुलाचे खांब आहेत. पण इंग्रजांच्या वनकायद्यांनी साग सरकारचा केला. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही मालकी दिली ती गौण वनोपजाची, इमारती लाकडाची नाही. मेंढा-लेखा गावाला आपला बांबू विकायचा हक्क मिळवायला २०११ साल उजाडावं लागलं. सागाच्या सावलीत जन्मलेल्याला कोरण्यासाठी सागाचा ओंडका डेपोतून विकत घ्यावा लागतो.

आणि आता १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. अठरा व्यवसाय, टूलकिटसाठी पंधरा हजार, पाच टक्क्यांनी कर्ज. वर्षपूर्तीचा सोहळा आपल्या शेजारी वर्ध्यातच झाला. गरजू कारागिराला पैसा मिळत असेल तर त्याला आमचा विरोध नाही, त्याने तो जरूर घ्यावा. पण योजनेचं नाव देवाचं, दिवस देवाच्या जयंतीचा, आणि भाषा पिढीजात कुटुंब-व्यवसायाची. तमिळनाडूने याच अटीवर बोट ठेवून ही योजना नाकारली. सुताराचा मुलगा सुतार, चांभाराचा मुलगा चांभार राहावा ही व्यवस्था बलुतेदारीत होती, ती आता व्याजदरासह आली आहे. बुरडाच्या मुलीला लाकूड कोरायला शिकायचं असेल तर तिच्यासाठी कोणती शाळा आहे? मुंबईच्या जे. जे. सारख्या संस्थेत शिकलेला लाकूड कोरतो तेव्हा तो शिल्पकार, आणि लकडगंजात कोरणारा 'मिस्त्री'.

दुसऱ्यांना विचारलं, तसं स्वतःलाही विचारू. आपल्या वस्तीतल्या विहारात जाऊन भिंतीवरची संगमरवरी पाटी वाचा. पाचशे रुपये देणाऱ्याचंही नाव त्यावर आहे, आणि ते असायलाच हवं, कारण त्याच पाचशे-पाचशेंतून विहार उभे राहिले. मग सागवानी दार घडवणाऱ्याचं, धम्मचक्र कोरणाऱ्याचं नाव कुठे आहे? विहार समित्यांना माझी सूचना एवढीच, की पुढच्या वेळी दार बनवायला द्याल तेव्हा चौकटीवर एक ओळ कोरून घ्या. कारागिराचं नाव, त्याचं गाव, आणि त्याच्या आईचं नाव. सामीने बापाचं लिहिलं होतं, आपण आईचंही लिहू. जात लिहू नका.

जय भीम.