सुहास शिरवळकर

सुहास शिरवळकर (१५ नोव्हेंबर, १९४८ - ११ जुलै, २००३) हे मराठी रहस्यकथाकार आणि कादंबरीकार होते. वाचकांत ते 'सुशि' या नावाने ओळखले जातात. रहस्यकथांनी लेखनास आरंभ करून ते पुढे सामाजिक कादंबरीकडे वळले. 'दुनियादारी' (१९८२) ही त्यांची सर्वाधिक वाचली गेलेली कादंबरी होय.

पार्श्वभूमी

शिरवळकरांनी लेखनास प्रारंभ केला तेव्हा मराठी रहस्यकथेला मोठा वाचकवर्ग लाभलेला होता. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून झुंजार, काळापहाड, धनंजय असे नायक घरोघरी पोहोचविले होते. १९७०च्या दशकात गुरुनाथ नाईक यांच्या रहस्यकथा व नारायण धारप यांच्या भयकथाही आवडीने वाचल्या जात. ही पुस्तके विकत घेण्यापेक्षा वाचनालयातून आणून वाचण्याची प्रथा अधिक होती. एक पुस्तक अनेकांच्या हातांतून जाई आणि जीर्ण होऊन नाहीसे होई. त्यामुळे लेखकाची लोकप्रियता मोठी असली तरी तिची नोंद वाङ्मयेतिहासात क्वचितच होत असे.

रहस्यकथालेखन

शिरवळकरांचे रहस्यकथालेखन १९७४च्या सुमारास सुरू झाले. त्यांनी एकाच नायकावर विसंबून न राहता निरनिराळ्या प्रकृतीचे नायक निर्माण केले. बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद हे त्यांपैकी प्रमुख होत. नायक बदलला की कथेची चौकटही बदले. वकील-नायकाच्या कथेत साक्षी-पुराव्यांचा तर्क महत्त्वाचा ठरे, तर साहसकथेत घटनांचा वेग. न्यायालयातील उलटतपासणीतून गुन्ह्याचा उलगडा करण्याची पद्धत इंग्रजीत अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांनी १९३३पासून पेरी मेसन या वकील-नायकाच्या कादंबऱ्यांद्वारे रूढ केली होती. अमर विश्वास हा मराठीतील त्याच परंपरेचा नायक मानता येतो.

सामाजिक कादंबऱ्या

१९८०च्या सुमारास शिरवळकर सामाजिक कादंबरीकडे वळले. 'दुनियादारी'मध्ये शिक्षणासाठी पुण्यात आलेला श्रेयस तळवलकर, कट्ट्यावरचे त्याचे मित्र, शिरीन व मीनू यांच्याशी असलेले त्याचे संबंध आणि घरातील दुरावा यांचे चित्रण आहे. या कादंबरीत गुन्हा किंवा गुप्तहेर नाही. तरीही तिची बांधणी रहस्यकथेचा अनुभव असलेल्या लेखकाची आहे. पात्रांचा भूतकाळ एकदम न सांगता टप्प्याटप्प्याने उघड होतो आणि त्यामुळे आधी घडलेल्या प्रसंगांचा अर्थ वाचकाला नव्याने लागतो.

'समांतर' या कादंबरीत हे अधिक स्पष्ट दिसते. कुमार महाजन हा सामान्य मनुष्य सुदर्शन चक्रपाणी नावाच्या व्यक्तीचा शोध घेतो. कारण चक्रपाणी जे जगून चुकला तेच आपल्या वाट्याला येणार, असे त्याला कळते. येथे शोध गुन्हेगाराचा नसून स्वतःच्या भविष्याचा आहे. पुढे काय घडणार हे आधीच समजले तर मनुष्य ते टाळू शकेल काय, हा या कादंबरीतील मूळ प्रश्न आहे.

लेखनशैली

छोटी वाक्ये, संवादांवर भर आणि तरुणांच्या बोलण्यातील शब्दांचा मोकळा वापर ही शिरवळकरांच्या शैलीची ठळक वैशिष्ट्ये आहेत. वर्णन आटोपशीर ठेवून ते पात्राचा स्वभाव त्याच्या बोलण्यातून उभा करतात. नवोदित रहस्यकथाकारास त्यांच्या लेखनातून दोन गोष्टी विशेष शिकता येतात. पहिली, माहिती केव्हा द्यावी याइतकेच ती केव्हा राखून ठेवावी हेही महत्त्वाचे असते. दुसरी, रहस्य उलगडल्यानंतरही वाचकाला पात्राविषयी आस्था वाटत राहिली तरच पुस्तक पुन्हा वाचले जाते.

माध्यमांतर

'दुनियादारी'वर संजय जाधव दिग्दर्शित याच नावाचा मराठी चित्रपट जुलै २०१३मध्ये प्रदर्शित झाला. त्यात स्वप्नील जोशी, अंकुश चौधरी, सई ताम्हणकर व उर्मिला कानेटकर यांच्या प्रमुख भूमिका होत्या. 'समांतर'वर आधारित वेब मालिकेचे पहिले पर्व २०२०मध्ये सतीश राजवाडे यांच्या, तर दुसरे पर्व २०२१मध्ये समीर विद्वांस यांच्या दिग्दर्शनाखाली प्रसारित झाले. मालिकेत स्वप्नील जोशी यांनी कुमार महाजनची आणि नितीश भारद्वाज यांनी चक्रपाणीची भूमिका केली.

वाङ्मयीन स्थान

वाचकांचे प्रेम आणि समीक्षेची उपेक्षा हा मराठी रहस्यकथाकारांचा सर्वसाधारण अनुभव राहिला आहे. शिरवळकरांच्या बाबतीत दोन्ही प्रमुख माध्यमांतरे त्यांच्या निधनानंतर, अनुक्रमे दहा व सतरा वर्षांनी झाली. त्यांमुळे त्यांच्या सामाजिक कादंबऱ्या नव्या पिढीपर्यंत पोहोचल्या. अमर विश्वास, फिरोज इराणी आदींच्या कथांना मात्र तशी प्रसिद्धी मिळालेली नाही. 'दुनियादारी' आणि 'समांतर'मागील कथनकौशल्य ज्या लेखनातून घडले, ते समजून घेण्यासाठी या आरंभीच्या रहस्यकथांचा अभ्यास आवश्यक ठरतो.

निवडक साहित्य

दुनियादारी, समांतर, क्षितिज, कल्पांत, झूम, बरसात चांदण्याची, तुकडा तुकडा चंद्र, वेशीपलीकडे.