जुन्या गार्डन ट्रॅक्टरचे इंजिन रुसते तेव्हा

अमेरिकेतील उपनगरी घरांच्या गॅरेजमध्ये, ताडपत्रीखाली झाकलेला एखादा छोटेखानी ट्रॅक्टर अनेकदा आढळतो. तो शेतीचा नव्हे. घराभोवतालच्या एक-दोन एकरांतील गवत कापावे, भाजीच्या वाफ्याची नांगरट करावी आणि हिवाळ्यात दारातला बर्फ बाजूला ढकलावा, एवढ्याचसाठी तो बनविलेला असतो. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा 'कब कॅडेट' १९६१ च्या सुमारास बाजारात आला, १९६३ मध्ये जॉन डिअरने '११०' हे मॉडेल आणले, तर इंडियाना राज्यातील साउथ बेंडचे 'व्हील हॉर्स' त्याआधीपासूनच या क्षेत्रात होते. या पिढीतील असंख्य ट्रॅक्टरांना कोहलर कंपनीचे 'के' मालिकेतील एक सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, बिडाचे इंजिन बसविलेले असे. त्यातील कितीतरी इंजिने आजही चालतात. मात्र ती सुरू होईनाशी झाली, की दुरुस्तीपेक्षा उतावळेपणानेच त्यांचे अधिक नुकसान होते.

पुण्या-मुंबईत ज्यांनी जुनी फियाट किंवा येझदी सांभाळली, त्यांना या इंजिनाची भाषा परकी वाटणार नाही. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि कार्बोरेटर एवढाच सारा संसार. दोष शोधण्याचा क्रमही तोच: आधी ठिणगी, मग पेट्रोल, शेवटी कॉम्प्रेशन. बहुतेक हौशी मंडळी मात्र पहिल्याच दिवशी कार्बोरेटर खोलून बसतात.

ठिणगीपासून सुरुवात

प्लग काढून त्याला वायर जोडावी, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवावे आणि स्टार्टर फिरवावा. प्लग त्याच्या भोकापासून दूर धरणे आवश्यक आहे, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. निळी, कडकडीत ठिणगी दिसली तर प्रश्न मिटला. पिवळसर, मरगळलेली दिसली तर आधी बॅटरी तपासावी. या ट्रॅक्टरांपैकी अनेकांत स्टार्टर आणि जनरेटर हे एकच यंत्र असते. बॅटरी अर्धवट असेल तर स्टार्टरच बहुतेक वीज ओढून घेतो आणि कॉइलच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. इंजिन फिरते, पण पेट घेत नाही.

ठिणगी मुळीच नसेल तर संशयित पहिला म्हणजे पॉइंट. 'के' मालिकेत ते इंजिनाच्या बाहेरच्या बाजूस, एका लहानशा झाकणाखाली असतात. त्यासाठी फ्लायव्हील उतरविण्याची गरज नाही, ही त्या रचनाकारांची मोठीच कृपा. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या पॉइंटवर एक पातळ, डोळ्यांना जेमतेम दिसणारा थर चढतो आणि तेवढ्याने वीज अडते. ते स्वच्छ करून पूर्ण उघडलेल्या अवस्थेत फट सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवतात. या फटीवरच ठिणगीची वेळ ठरते. फ्लायव्हीलवर 'एस' ही खूण असते. ती पाहणीच्या भोकात मध्यावर आली, की त्याच क्षणी पॉइंट उघडू लागले पाहिजेत. बॅटरीला जोडलेला साधा दिवा हे काम अचूक दाखवितो. नवे पॉइंट थोड्याच दिवसांत जळून काळे पडत असतील, तर दोष बहुधा कंडेन्सरचा समजावा.

वीस मिनिटांनी बंद पडणारे इंजिन

सर्वाधिक छळणारी तक्रार हीच. सकाळी पहिल्या फटक्यात सुरू होते, निम्मे गवत कापून होते आणि मग आचके देत बंद पडते. तासाभराने पुन्हा जणू काही झालेच नाही! येथे थंड झाल्यावर केलेली तपासणी निरुपयोगी ठरते. इंजिन बंद पडताक्षणी दोन गोष्टी कराव्यात. पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन पुन्हा चालू लागले, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले आहे. तसे नसेल तर लगेच ठिणगी पाहावी. गरम असताना ती नाहीशी होत असेल, तर कॉइल किंवा कंडेन्सर बदलावा लागेल. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक असूनही इंजिन गरम झाल्यावर दम तोडत असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट कमी झाल्याने तो नीट मिटत नसावा. पंख्याच्या आवरणाखाली साचलेले गवत आणि उंदरांची घरटी हाही एक उपेक्षित भाग; थंड करणाऱ्या पात्यांत तो कचरा असेल तर इंजिन तापणारच.

पेट्रोलची कथा थोडक्यात सांगता येते. अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते ओलावा शोषते आणि जुन्या रबरी भागांना मानवत नाही. (भारतात हे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले.) हिवाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल काढून टाकावे, नळ्या बदलाव्यात, जेट साफ करावेत. कार्बोरेटरच्या सुया मात्र कधीही आवळून बंद करू नयेत. टोकाला खाच पडली की ते मिश्रण पुन्हा जुळत नाही.

कॉम्प्रेशनबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. यांतील पुष्कळ इंजिनांत स्टार्ट करणे सोपे जावे म्हणून मंद गतीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी योजना आहे. त्यामुळे मापकावर आकडा कमी येतो आणि ठणठणीत इंजिन विनाकारण खोलले जाते. त्याऐवजी प्लग बसवून, पण त्याची वायर काढून, फ्लायव्हील हाताने उलट दिशेने जोरात फिरवावे. ते झटक्याने परत फिरले, तर कॉम्प्रेशन चांगले आहे.

तेलाकडे होणारे दुर्लक्ष मात्र जिवावर बेतते. या इंजिनांत तेलाचा पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला असलेली दांडी तेलात बुडून ते सर्वत्र उडविते. तेल कमी असताना उतारावर गवत कापले, की ॲल्युमिनियमचा रॉड कोरडा पडतो, तुटतो आणि पुष्कळदा बिडाचे अंग फोडूनच बाहेर येतो. सिलिंडर झिजला तर तो बोअर करून मोठा पिस्टन बसविता येतो. फुटलेल्या ब्लॉकला सहसा असा उपाय नाही.

पातळी कमी होणे सर्वांना कळते, ती वाढल्यास कोणी संशय घेत नाही. फ्लोटची सुई गळकी असेल किंवा पेट्रोल पंपाचा पडदा फाटला असेल, तर पेट्रोल थेट तेलात उतरते. म्हणून डिपस्टिक काढून नुसती पाहू नये, तिचा वासही घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर आधी गळती शोधून बंद करावी, सगळे तेल बदलावे आणि त्यानंतरच किल्लीला हात लावावा, तोही गॅरेजचे दार पूर्ण उघडून.