ओपन गोल्फ स्पर्धेची अखेरची फेरी

ब्रिटिश ओपन या नावाने परिचित असलेली गोल्फ स्पर्धा १८६० साली स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे सुरू झाली. आठ खेळाडूंनी बारा होलच्या मैदानावर तीन फेऱ्या एकाच दिवसात संपवल्या आणि विली पार्क विजेता ठरला. १८९२ मध्ये स्पर्धा ७२ होलची होऊन दोन दिवसांची झाली. पुढे कित्येक वर्षे शेवटच्या दोन्ही फेऱ्या एकाच दिवशी खेळाव्या लागत. १९६६ पासून चार फेऱ्या चार दिवसांत विभागल्या गेल्या, तर १९८० पासून अखेरची फेरी रविवारी होऊ लागली.

या फेरीत आघाडी किती बेभरवशाची असते, हे १९९९ साली कार्नूस्टी येथे दिसले. फ्रान्सचा जाँ व्हॅन दे वेल्द शेवटच्या होलवर तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटक्यांत चेंडू होलमध्ये गेला असता, तरी विजय त्याचाच होता. पण एक फटका प्रेक्षागाराला आपटून उंच गवतात गेला, पुढचा थेट ओढ्यात. बूटमोजे काढून तो पाण्यात उतरला खरा, पण अखेर दंड पत्करून चेंडू बाहेर ठेवावा लागला. सात फटके लागले आणि तिघांत बरोबरी झाली. चार होलच्या प्लेऑफमध्ये स्कॉटलंडचा पॉल लॉरी जिंकला. त्या दिवशी सकाळी तो आघाडीवीरापेक्षा दहा फटक्यांनी मागे होता.