मुकादमाचा परवाना

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडे नॉरफोक नावाचा परगणा आहे. त्यात कॅसल एकर हे एक लहानसे गाव. तेथील पडका किल्ला आणि जुन्या मठाचे अवशेष पाहावयास आज प्रवासी जातात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र हे गाव वेगळ्याच कारणाने गाजले. शेतीत राबणाऱ्या स्त्रिया व मुले यांच्या स्थितीची सरकारी चौकशी झाली आणि १८४३ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात कॅसल एकरमधून भोवतालच्या शेतांवर जाणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांची हकीकत विस्ताराने आली होती. अशी टोळी जमवून ती शेतकऱ्यास पुरविणाऱ्या माणसाला इंग्रजीत गँगमास्टर म्हणत. आपल्याकडे उसाच्या फडात ज्याला मुकादम म्हणतात, त्याचाच हा इंग्रज भाऊबंद. तेव्हा पुढेही त्याला मुकादम म्हणणेच सोयीचे.

ह्या टोळ्या मुळात निर्माण का झाल्या, हे कळण्यासाठी इंग्लंडमधील गरिबांच्या कायद्याकडे पाहावे लागते. निराधार माणसाच्या पोषणाचा भार तो ज्या गावचा रहिवासी ठरेल त्या गावावर पडे आणि त्यासाठी जमीनधारकांकडून कर घेतला जाई. ज्या गावाची सारी जमीन एकादोघा जमीनदारांच्या हाती होती, तेथे त्यांनी ह्यातून एक सोपी वाट काढली. मजुरांच्या झोपड्या पाडावयाच्या आणि नव्या बांधू द्यावयाच्या नाहीत. मजूरच राहिला नाही, तर त्याच्या म्हातारपणाचा भार कोणावर पडणार? अशा गावांना ‘बंद’ गावे म्हणत. तेथून निघालेली कुटुंबे कॅसल एकरसारख्या ‘खुल्या’ गावांत येऊन दाटीवाटीने राहू लागली. परंतु बंद गावातील शेतात तण उगवावयाचे ते उगवतच होते. ते काढण्यास माणसे हवीत, आणि माणसे तर चार-पाच मैलांवर. ही अडचण मुकादमाने दूर केली. हवी तेव्हा टोळी आणावी, काम संपताच तिला परत न्यावे. शेतकऱ्यास घर द्यावयास नको की कर भरावयास नको. पूर्वेकडील पाणथळ प्रदेशातील नव्याने लागवडीस आलेल्या जमिनींवर तर वस्तीच विरळ होती. तेथे ही पद्धत विशेष फोफावली.

टोळीत दहापासून चाळीस-पन्नासपर्यंत माणसे असत. त्यांत बायका, तेरा ते अठरा वर्षांची मुलेमुली आणि त्याहून लहान, क्वचित सहा वर्षांचीही पोरे असत. कामे म्हणजे खुरपणी, दगड वेचणे, खत पसरणे, बटाटे लावणे, सलगम उपटणे. मुकादम शेतकऱ्याकडून काम उक्ते घेई आणि मजुरांना रोज देई. दोहोंमधील अंतर हीच त्याची कमाई. ठरल्या पैशांत काम जितक्या लवकर उरकेल तितका त्याचा फायदा. म्हणून कोवळ्या हातांकडून मोठ्या माणसाइतके काम करून घेण्यात त्याचे सारे कसब असे. पहाटे मैलोगणती चालत जावयाचे, ओल्या पानांत दिवसभर वाकावयाचे आणि अंधारात परत चालत यावयाचे, असा मुलांचा क्रम होता. पाऊस आला आणि काम थांबले, तर बहुधा मजुरी नाही. चालणे मात्र झालेलेच.

शेताची हवा निरोगी, असा शहरी माणसाचा समज असतो. डॉ. हंटर यांनी १८६४ च्या सुमारास ग्रामीण भागातील बालमृत्यूंची चौकशी केली, तेव्हा टोळीपद्धत असलेल्या काही शेतकी भागांत तान्ह्या मुलांच्या मृत्यूचे प्रमाण गिरण्यांच्या शहरांइतके भरले. आया टोळीबरोबर दिवसभर बाहेर, आणि घरी मूल रडू नये म्हणून त्याला अफूमिश्रित औषध पाजलेले, ही त्यामागील कारणे होती. खाणींतून स्त्रिया व लहान मुले यांना बाहेर काढणारा १८४२ चा कायदा ज्यांनी घडविला, त्या लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी १८६५ साली वरिष्ठ सभागृहात टोळ्यांच्या चौकशीची मागणी केली. बालमजुरी आयोगाचा सहावा अहवाल १८६७ मध्ये बाहेर पडला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला शेतकी टोळ्यांचा कायदा मंजूर झाला. मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाचा पहिला खंड त्यानंतर महिन्याभरातच प्रसिद्ध झाला. ह्या टोळ्यांवर त्यात काही पाने आहेत.

हा कायदा आकाराने लहान होता. आठ वर्षांखालील मूल टोळीत घ्यावयाचे नाही. पुरुष आणि स्त्रिया एकाच टोळीत ठेवावयाच्या नाहीत. स्त्रियांच्या टोळीवर पुरुष मुकादम असल्यास तिच्याबरोबर परवाना घेतलेली मुकादमीणही असली पाहिजे. आणि मुकादमाने स्थानिक दंडाधिकाऱ्यांकडून परवाना घेतला पाहिजे. परवाना सहा महिन्यांचा, त्याची फी एक शिलिंग. अर्जदार सच्छील व योग्य आहे अशी दंडाधिकाऱ्यांनी खात्री करून घ्यावयाची, आणि मुलांनी पायी किती अंतर जावे हेही त्यांनीच ठरवून द्यावयाचे. दारू विकण्याचा परवाना ज्याच्याजवळ असेल त्याला मुकादमीचा परवाना मिळावयाचा नाही, असेही एक कलम होते. गुत्ता आणि मुकादमी एकाच माणसाच्या हाती असली की सकाळी दिलेली मजुरी संध्याकाळी त्याच्याच गल्ल्यात परत येते, हे ज्याने हेरले तो कायदेपंडित व्यवहार जाणणारा असला पाहिजे.

पण कायद्याची खरी वाण त्याच्या व्याख्येतच होती. जो माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर राबण्यासाठी बायकामुले ठेवतो, तो मुकादम. म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच टोळी बाळगली आणि आपल्या एखाद्या गड्याला तिच्यावर नेमले, तर त्याला परवाना नको, वयाची अट नको, काहीच नको. अशा खाजगी टोळ्या आधीपासून होत्याच. कायद्यानंतर त्यांचा आधार घेणे अधिकच सोयीचे झाले. बेकायदा टोळीबद्दल जमीनधारकासही दंड होता, परंतु आपल्या नकळत हे घडले असे दाखविले की तो सुटे. कायद्याची अंमलबजावणी पाहणारा एकही निरीक्षक नेमला गेला नाही. परवाना देणारे दंडाधिकारी पुष्कळदा परगण्यातील जमीनदारच असत, हेही लक्षात घेतले पाहिजे. सारा दोष मधल्या माणसाच्या माथी ठेवला गेला आणि ज्याच्या शेतातील तण स्वस्तात निघत होते, तो बांधावर उभा राहून पाहत राहिला.

मुलांना टोळीतून खऱ्या अर्थाने सोडविले ते शाळेने. १८७० च्या शिक्षणविषयक कायद्याने गावोगावी शाळा उभ्या राहू लागल्या. १८७३ साली शेतीत आठ वर्षांखालील मुलांना कामास लावण्याची सर्वसाधारण बंदी झाली. तिचे पालन यथातथाच झाले. १८८० मध्ये शाळेतील हजेरी सर्वत्र सक्तीची झाली, तेव्हा मात्र हजेरीपटावर नाव नसलेल्या मुलाचा शोध घेणारा माणूस गावात आला. मुकादमाच्या परवान्याला असा पहारेकरी कधीच लाभला नव्हता. पुढे यंत्रे आली, मजूर शहरांकडे गेले, टोळ्या विरळ झाल्या आणि १८६७ चा कायदा हळूहळू विस्मृतीत गेला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस टोळ्या पुन्हा वाढल्या. ह्या वेळी कारण झाले मोठमोठ्या दुकानांच्या साखळ्यांचे. आज किती पेट्या भाजी हवी, हे त्यांच्याकडून ऐन वेळी कळावयाचे. भाजी कापणारी, निवडणारी आणि बांधणारी माणसे तेवढ्या दिवसापुरतीच लागावयाची. त्यांना आणून देणारा मुकादम पुन्हा पुढे आला. फरक एवढाच की ह्या खेपेस टोळीत पोर्तुगाल, पूर्व युरोप, इराक, चीन अशा दूरदूरच्या देशांतील माणसे होती. भाषा येत नाही, कागदपत्रे अपुरी, येण्यासाठी काढलेले कर्ज डोक्यावर, अशा माणसाला तक्रार करणे जड जाते. मजूर व नोकर पुरविणाऱ्या संस्थांना परवाना आवश्यक करणारा एक सर्वसाधारण कायदा इंग्लंडमध्ये १९७३ साली झाला होता. परंतु व्यापारउद्योगावरील निर्बंध कमी करण्याच्या धोरणात १९९४ साली ही परवान्याची अटही काढून टाकण्यात आली. ज्या सुमारास अट सर्वांत गरजेची झाली, नेमकी त्याच सुमारास ती गेली.

जुलै २००३ मध्ये ईव्हशॅमजवळ रेल्वेच्या फाटकावर शेतमजुरांच्या गाडीला आगगाडीची धडक बसून तिघे मरण पावले. त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेच्या एका समितीने मुकादमांच्या व्यवहारावर कडक अहवाल दिला. जिम शेरिडन ह्या स्कॉटिश सभासदाने परवान्याचे खाजगी विधेयक जानेवारी २००४ मध्ये मांडले. अशी विधेयके बहुधा कागदावरच राहतात. परंतु ५ फेब्रुवारीच्या रात्री लँकेशायरच्या किनाऱ्यावर, मोरकॅम्बच्या उपसागरात, जे घडले त्यामुळे ह्या विधेयकाला निराळेच वजन आले. त्या उपसागरात ओहोटीला मैलोगणती वाळू उघडी पडते आणि भरती येते ती वाळूतील ओघळांमधून, पाठीमागून. आपल्या कोकणगोव्यातील तिसऱ्यांसारखे शिंपले तेथील वाळूत मिळतात. ते अंधारात वेचण्यास नेलेल्या चिनी मजुरांच्या टोळीला भरतीने गाठले. एकवीस प्रेते हाती लागली. एकंदर तेवीस माणसे बुडाल्याचे पुढे मानण्यात आले. बुडतेवेळी त्यांतील एकाने मोबाइल फोनवरून चीनमधील आपल्या पत्नीशी बोलणे केले होते. २००६ साली टोळीच्या मुकादमाला सदोष मनुष्यवधाबद्दल चौदा वर्षांची शिक्षा झाली. शिंपले विकत घेणारे इंग्रज व्यापारीही खटल्यात आरोपी होते. ते निर्दोष सुटले.

८ जुलै २००४ रोजी नवा कायदा मंजूर झाला. शेती, शिंपले गोळा करणे आणि त्या मालाची निवड व बांधणी ह्या कामांसाठी मजूर पुरविणाऱ्याला परवाना सक्तीचा झाला. मग तो मुकादम इंग्लंडमधील असो की परदेशातील. ह्यासाठी २००५ साली एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, आणि ऑक्टोबर २००६ पासून शेतीच्या कामात विनापरवाना मजूर पुरविणे गुन्हा ठरले. शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद. किमान वेतन, राहण्याची जागा, प्रवासाची गाडी, कर्जाने बांधून ठेवणे, हे सारे परवान्याच्या कसोटीत आले. परवानाधारकांची यादी कोणासही पाहता येईल अशी खुली ठेवण्यात आली. १८६७ मध्ये राहिलेली उणीव ह्या कायद्याने पुष्कळ अंशी भरून काढली: परवाना नसलेल्या मुकादमाकडून मजूर घेणारा शेतकरीही गुन्हेगार ठरला. आता ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून त्याची सुटका होत नाही. ठाऊक करून घेण्यासाठी योग्य ती सर्व खटपट केली, हे त्याला दाखवावे लागते. यादी खुली ठेवण्यामागील हेतूही हाच.

ह्या इतिहासाशी मराठी मुलखाचा संबंध नुसत्या नामसादृश्यापुरता नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास निघणारी ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात जातात, तशी बेळगावकडेही जातात. कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूक कंत्राटदाराशी होतो. मजुराला उचल मिळते ती मुकादमाच्या हातून, आणि फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. तोडणाऱ्याशी कारखान्याचा लेखी संबंध बहुधा नसतोच. त्यांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, पण ज्या फडावर मूल आज आहे तेथे ते पुढच्या महिन्यात असेलच असे नाही.

ओरिसातील ‘दादन’ मजुरांच्या दुर्दशेवरून आपल्या संसदेने १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. त्यात कंत्राटदाराला परवाना होता, मजुराला छायाचित्र चिकटवलेले पासबुक होते, जाण्यायेण्याचा भत्ता होता आणि कंत्राटदाराने मजुरी बुडविल्यास ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर होती. मात्र हा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यालाच लागू होता. बीडहून बेळगावच्या फडावर गेलेला मजूर त्यात बसे. बीडहून कोल्हापूरच्या फडावर गेलेला त्याचा सख्खा भाऊ बसत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ह्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली आहे. तिच्यात कंत्राटदाराच्या परवान्याची अट पन्नास किंवा अधिक मजूर ठेवणाऱ्यास लागू होते. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. दहा कोयत्यांच्या टोळीत वीस माणसे असतात.