नेदरलँड्समधील इंग्रजी माध्यमाचे उच्च शिक्षण

इंग्रजी ही राजभाषा नसतानाही विद्यापीठीय शिक्षणाचा मोठा भाग इंग्रजीतून देणाऱ्या युरोपीय देशांत नेदरलँड्स अग्रभागी आहे. डेल्फ्ट आणि आइंडहोवन येथील तंत्रविद्यापीठांत, तसेच शेतीशास्त्रासाठी ख्यातनाम असलेल्या वाखेनिंगेन विद्यापीठात पदव्युत्तर वर्ग मुख्यतः इंग्रजीतच भरतात. मात्र इंग्रजीचे हे स्थान आपोआप निर्माण झालेले नाही. ते धोरणाने दिलेले आहे आणि धोरणानेच कमी होऊ शकते. 1990च्या सुमारास शिक्षणमंत्री यो रिट्झेन यांनी विद्यापीठांत इंग्रजी आणण्याची कल्पना मांडली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. 1992च्या उच्च शिक्षण कायद्याने अध्यापनाची आणि परीक्षेची भाषा डचच ठरवली. इंग्रजीला वाट मिळाली ती अपवादाच्या कलमातून. 1999च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपभर पदव्यांची रचना सारखी होत गेली, परदेशी विद्यार्थी वाढले आणि हा अपवादच रूढ झाला. पुढे शहरांतली घरटंचाई आणि डच भाषेच्या भवितव्याची चिंता यांतून उलटे वारे वाहू लागले. इंग्रजी अभ्यासक्रमांवर मर्यादा घालणारे विधेयक 2024मध्ये संसदेपुढे आले. माध्यमाचा वाद पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या मराठी वाचकाला यातले बरेचसे ओळखीचे वाटेल.

इंग्रजीचे स्थान असे धोरणावर अवलंबून असल्याने वर्गाची भाषा आणि देशाची भाषा वेगळी धरूनच या शिक्षणाचा विचार करायला हवा, आणि तिथे राहायचे असेल तर डचही शिकायला हवी. 2012च्या युरोपीय पाहणीत 90 टक्के डच नागरिकांनी आपण इंग्रजीत संभाषण करू शकतो असे सांगितले. मग डच शिकायचे कशाला, असा आक्षेप यावर घेतला जातो. पण परक्याशी इंग्रजीत बोलता येणे वेगळे आणि दिवसभराचा कारभार इंग्रजीत करणे वेगळे. फेल्डहोवनच्या एएसएमएल या चिपयंत्रांच्या कंपनीत इंग्रजीवर निभावते. रुग्णालय, शाळा, नगरपालिका किंवा छोट्या व्यवसायात सहसा निभावत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एकदोन वर्षांच्या अभ्यासक्रमात नवी भाषा शिकायला सवड कुठली? युरोपीय संघाबाहेरच्या, म्हणून भारतीयही, विद्यार्थ्यांना संघातल्यांपेक्षा कितीतरी पट शुल्क भरावे लागते. त्यांचा सगळा वेळ अभ्यासाला जाणे रास्तच आहे. पण पदवीनंतर काम शोधण्यासाठी मिळणारा परवाना एकच वर्षाचा असतो, आणि डचचा श्रीगणेशा त्या वर्षात करायचा म्हटले तर फार उशीर होतो. ज्याला पदवी घेऊन परतायचे आहे त्याला इंग्रजी पुरेल. राहायचे असेल त्याने प्रवेश निश्चित होताच डच शिकायला घ्यावी. नागरिकत्वासाठी तर भाषेची परीक्षा द्यावीच लागते.