दाढ ठेवायची की काढायची? रूट कॅनलची ३०० वर्षांची गोष्ट

आजचा विषय जरा दुखरा आहे, पण शेवटपर्यंत थांबा. कधी ना कधी तो तुमच्या किंवा तुमच्या घरातल्या कुणाच्या तरी तोंडापर्यंत येणार आहे.

समजा दाढ ठणकायला लागली. डेंटिस्टनी एक्स-रे काढला आणि सांगितलं, "रूट कॅनल करावं लागेल." घरी आल्यावर दोन गोष्टी हमखास होतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, "एवढा खर्च कशाला? काढून टाक ती दाढ." आणि फोनवर कुणीतरी व्हिडिओ पाठवतं. रूट कॅनल केलेला दात म्हणजे मेलेला दात, त्याचं विष अंगभर पसरतं, त्यातून संधिवात होतो, हृदयरोग होतो, कॅन्सरसुद्धा होतो, असं त्यात सांगितलेलं असतं.

व्हिडिओ नवा असेल, पण त्यातली कल्पना १०० वर्षांहून जुनी आहे. एके काळी मोठमोठे डॉक्टर ती खरी मानत होते आणि तिच्यापायी असंख्य लोकांनी वाचू शकणारे दात गमावले. मग ती तपासली गेली आणि टिकली नाही. ती कशी आली आणि कशी गेली, हे कळलं की आपली दाढ ठेवायची की काढायची हेही जास्त शांतपणे ठरवता येतं.

आधी दात आतून कसा असतो ते बघू. बाहेरचं पांढरं, कडक आवरण म्हणजे इनॅमल. त्याच्या आत डेंटिन. आणि अगदी मधोमध एक मऊ भाग, त्याला पल्प म्हणतात. आपण बोलताना त्यालाच "दाताची नस" म्हणतो. खरं तर त्यात नसाही असतात, रक्तवाहिन्याही असतात. हा पल्प दाताच्या मुळांमधून, बारीक नळ्यांमधून, खाली हाडापर्यंत जातो. त्या नळ्या म्हणजेच रूट कॅनल. म्हणजे "रूट कॅनल" हे मुळात उपचाराचं नाव नाहीच. ते दातातल्या एका जागेचं नाव आहे, आणि ती प्रत्येकाच्या तोंडात आहे.

आता गोष्ट सुरू करू.

"दाताला कीड लागली" असं आपण आजही म्हणतो. ही समजूत फक्त आपली नाही. बॅबिलोनमध्ये सापडलेल्या सुमारे २५०० वर्षांपूर्वीच्या एका मातीच्या पाटीवर कथा आहे. एक किडा देवांपुढे रडतो. देव त्याला खायला फळं देऊ करतात. त्याला ती नको असतात, त्याला माणसाच्या दातात आणि हिरडीत राहायचं असतं. युरोपात लोक खुरासानी ओव्याच्या बिया निखाऱ्यावर टाकून दाताला धुरी द्यायचे. उष्णतेने बी फुटलं की आतला पांढरा कोंब बाहेर यायचा आणि तो दाखवून सांगायचे, हा बघा किडा पडला. आपल्याकडेही रिंगणीच्या बियांची धुरी होतीच. तिकडची आणि इकडची समजूत एकच होती.

या किड्याला पहिला मोठा धक्का दिला पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने. १७२८ साली त्याने दातांच्या वैद्यकावर मोठा ग्रंथ छापला. सूक्ष्मदर्शकातून बघूनही आपल्याला किडा दिसला नाही, असं त्याने त्यात स्पष्ट लिहिलं. शिवाय दाताच्या आत पू साठला असेल तर दाताला वरून छिद्र पाडायचं, पू वाहून जाऊ द्यायचा आणि नंतर पोकळी शिशाने बुजवायची, ही रीतही त्याने सांगितली. दात उपटायचा नाही, आत शिरून साफ करायचा. रूट कॅनल उपचाराचं हे बीज म्हणता येईल.

पण आत शिरायचं कसं? नस जिवंत असताना तिला हात लावला तर माणूस किंचाळून उठणार. १८३६ साली अमेरिकेत स्पूनर नावाच्या दंतवैद्याने उपाय सुचवला, तो म्हणजे आर्सेनिक. हो, तेच विष. ते दातात ठेवायचं, नस मरू द्यायची आणि मग ती काढायची. ते हिरडीत किंवा हाडात झिरपलं तर तिथलंही मरायचं. सुन्न करणारं इंजेक्शन अजून ५० वर्षं दूर होतं. कोकेनने शरीराचा एखादा भाग सुन्न करता येतो हे १८८४ साली कळलं. नोव्होकेन १९०५ च्या सुमारास आलं. आज बहुतेक ठिकाणी वापरतात ते लिग्नोकेन १९४० च्या दशकातलं. म्हणजे रूट कॅनल म्हटल्यावर पोटात जो गोळा येतो, तो बराचसा त्या जुन्या काळाचा आहे.

दुसरा प्रश्न हत्याराचा. मुळातली नळी केसासारखी बारीक. १८३८ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या एडवर्ड मेनार्डने घड्याळाची स्प्रिंग तासून एक बारीक काटेरी सुई बनवली. (हाच मेनार्ड पुढे बंदुकांचा संशोधक म्हणून जास्त गाजला.) आज डेंटिस्टच्या ट्रेमध्ये रंगीत मुठींच्या ज्या बारीक फाइल्स दिसतात, त्यांची पणजी म्हणजे ही स्प्रिंग. तिसरा प्रश्न लाळेचा. १८६४ साली न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नमने दातावर रबराचा पातळ पडदा ताणून बसवला, म्हणजे लाळ आत येणार नाही. त्याला आजही रबर डॅम म्हणतात.

चौथा प्रश्न, साफ केलेली नळी भरायची कशाने? उत्तर मलायाच्या जंगलातून आलं. गटापर्चा नावाच्या झाडाचा चीक गरम केला की मऊ होतो, गार झाला की टणक. हा चीक १८४० च्या दशकात सिंगापूरहून लंडनला पोचला. त्याचे गोल्फचे चेंडू झाले, समुद्राखालच्या टेलिग्राफच्या तारांवर त्याचंच आवरण चढलं. आणि १८६७ साली सेंट लुइसच्या बोमनने तो दाताच्या मुळात भरला. तारा प्लॅस्टिककडे गेल्या, चेंडूही बदलले, पण दाताच्या मुळात आजही बहुतेक वेळा गटापर्चाच भरतात.

म्हणजे सगळं जमून आलं होतं. पण एक गोष्ट राहिली होती. आत नेमकं काय मारायचं आहे, हेच ठाऊक नव्हतं. विलोबी मिलर हा अमेरिकन दंतवैद्य बर्लिनमध्ये काम करत होता. तोंडातल्या जंतूंवरचं त्याचं पुस्तक १८९० साली निघालं. पुढे दाताच्या सडलेल्या नसेतही त्याला जंतू दिसले. कीड होती तर! फक्त ती अळी नव्हती, बॅक्टेरिया होते.

आणि नेमक्या इथेच गाडी रुळावरून घसरली.

१९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण केलं. सडक्या मुळांवर सोन्याच्या कॅप आणि ब्रिज बसवले जातात, खाली घाण साठते आणि तीच शरीरभर आजार पसरवते, असा त्याचा आरोप होता. तो पूर्ण चुकीचं बोलत नव्हता. न साफ केलेल्या मुळावर सोनं चढवणं वाईटच. पण या भाषणानंतर वारं वेगळीकडे वाहिलं. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्जने "फोकल इन्फेक्शन"चा सिद्धांत लोकप्रिय केला. शरीरात एका कोपऱ्यात दडलेला संसर्ग दूर कुठेतरी रोग निर्माण करतो, असा तो सिद्धांत. वेस्टन प्राइस या दंतवैद्याने रूट कॅनल केलेले दात सशांच्या कातडीखाली बसवून, ससे आजारी पडतात असं १९२३ च्या पुस्तकात मांडलं. मग काय? सांधे दुखतात, दात काढा. थकवा आहे, दात काढा. न्यू जर्सीच्या ट्रेंटन इथल्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन तर मानसिक आजारही दातांतूनच येतो असं मानायचा. त्याने रुग्णांचे दात काढले, मग टॉन्सिल, मग आतड्याचे तुकडे. त्या ऑपरेशनांमध्ये अनेक जण दगावले. त्याने स्वतःच्या मुलांचेही दात काढवून घेतले होते. हे सगळं तो फसवणूक म्हणून करत नव्हता, त्याचा त्यावर विश्वास होता.

विरोध करणारेही होते. न्यू ऑर्लीन्सचा एडमंड केल्स हा दंतवैद्य त्यातला एक. एक्स-रेचा शोध १८९५ चा. केल्सने १८९९ मध्ये मुळाच्या नळीत तार ठेवून एक्स-रे काढला, म्हणजे आपण किती खोल पोचलो ते दिसतं. पुढे विनाकारण दात उपटण्याविरुद्ध तो ठामपणे बोलत राहिला. एक्स-रेचा धोका तेव्हा कुणाला नीट कळला नव्हता. किरणांनी त्याच्या हाताला कॅन्सर झाला, आधी बोटं आणि मग हात गमवावा लागला. १९२८ मध्ये तो गेला.

उलट तपासणी १९३० च्या दशकात झाली. १९३६ साली लंडनमध्ये फिश आणि मॅक्लीन यांनी साधा प्रश्न विचारला. उपटलेल्या दाताच्या टोकाला सापडणारे जंतू तिथेच होते, की उपटताना हिरडीतून तिथे गेले? त्यांनी दात काढण्याआधी भोवतीची हिरडी डागून जंतू मारले. मग दात काढला तर टोकाला जंतू मिळेनात. म्हणजे ज्या पुराव्यावर इतके दात गेले, तो पुरावा उपटण्याच्या झटापटीत तयार होत होता. प्राइसच्या सशांच्या प्रयोगांतही पुरेशी स्वच्छता नव्हती आणि तुलनेसाठी नीट गटही नव्हते. १९४३ साली शिकागोत रूट कॅनल करणाऱ्यांनी आपली संघटना काढली आणि १९६३ मध्ये अमेरिकेत या शाखेला स्वतंत्र मान्यता मिळाली.

आणि १९६५ चा उंदरांचा प्रयोग तर छोटा पण लख्ख आहे. काकेहाशी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन गट घेतले. एक साध्या उंदरांचा, दुसरा पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढलेल्यांचा. दोघांच्याही दाताला भोक पाडून नस उघडी केली आणि तशीच सोडली. साध्या उंदरांची नस सडली, मुळाशी गळू झालं. जंतुमुक्त उंदरांच्या भोकात अन्न अडकत होतं, तरी त्यांची नस जगली आणि वर नवं डेंटिन तयार होऊ लागलं. दाताची उघडी पडलेली नस सडते ती जंतूंमुळे. जंतू काढा, बाहेरून सील करा, दात राहू शकतो.

आज खुर्चीत जे होतं ते या सगळ्याची बेरीज आहे. इंजेक्शन, रबर डॅम, फाइल्स, जंतू मारणारं द्रावण, लांबी मोजायला एक्स-रे किंवा छोटं यंत्र, मग गटापर्चा, आणि शेवटी दाढ फुटू नये म्हणून वर कॅप. मूळ तेच राहतं, हाडात घट्ट.

आपल्याकडे हे उशिरा आलं. कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये पहिलं डेंटल कॉलेज सुरू केलं, मुंबईत नायर १९३३ चं, आणि डेंटिस्ट्स अॅक्ट १९४८ चा. त्यामुळे आजोबांच्या पिढीत बहुतेकांना पर्याय एकच होता, "काढून टाक". त्यांचा सल्ला त्यांच्या काळाला धरून होता. तुमच्याकडे मात्र आज दुसराही पर्याय आहे.

आता कामाचं बोलू. जायचं कधी?

गार पाणी लागल्यावर क्षणभर कळ आली आणि लगेच गेली, तर बहुधा नस शाबूत आहे. वेळेवर फिलिंग केलं तर पुढचं टळू शकतं. पण गरम किंवा गार लागल्यावर कळ बराच वेळ रेंगाळत असेल, रात्री झोपेतून जाग आणणारा ठणका असेल, आडवं झाल्यावर तो वाढत असेल, चावताना एकाच दातावर दुखत असेल, हिरडीवर पुटकुळी येऊन पू जात असेल, किंवा मार लागलेला दात हळूहळू काळपट पडत असेल, तर थांबू नका.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट ही. चार दिवस जीव काढणारी दाढ पाचव्या दिवशी एकदम गप्प होते. आपण म्हणतो, सुटलो! बऱ्याचदा तेव्हा नस मेलेली असते. ओरडणारं आता कुणी नसतं, पण जंतू काम करतच असतात, फक्त आता मुळाखालच्या हाडात. महिन्यांनी, कधी वर्षांनी, गाल सुजून येतो. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ सुन्न वाटतं, ते खरं. पण जंतू तिथेच राहतात. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनीही काम भागत नाही, कारण मेलेल्या नसेत रक्त पोचत नाही, मग औषध कसं पोचणार? आणि तंबाखूची चिमूट किंवा मशेरी तर अजिबात नको.

एक गोष्ट तातडीची. चेहऱ्यावर किंवा जबड्याखाली सूज वाढतेय, सोबत ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, सूज डोळ्याकडे सरकतेय, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका. सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

प्रत्येक दात वाचतोच असंही नाही. मूळ उभं तडकलं असेल किंवा वर कॅप धरायला दातच उरला नसेल, तर काढणं हाच बरोबर निर्णय. म्हणून डेंटिस्टना तीन प्रश्न बिनधास्त विचारा. मला एक्स-रेमध्ये दाखवाल का? पुरेसा दात उरलाय का? आणि कॅपसकट एकूण खर्च किती? खर्च झेपत नसेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या डेंटल कॉलेजमध्ये चौकशी करा. तिथे हे काम रोज चालतं, आणि बरंच स्वस्तात.

तो व्हिडिओ पाठवणाऱ्यावर चिडू नका. १९२० मध्ये नामवंत डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं. फक्त त्यांना १९३६ आणि १९६५ माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे, तर ही लिंक त्यांना पाठवा.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, आज रात्री झोपण्याआधी ब्रश कराच.